माझ्या पोटातलं भाषण

मी एक शेळी. काळी कुळकुळीत, लांब कानांची, अस्सल उस्मानाबादी. जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं तरी आमच्या जातीचं नाव तेच राहिलं. आम्हाला कुणी विचारलंही नाही. माझा जन्म ईट गावचा, द्वारकाबाईंच्या गोठ्यातला. मला इंग्रजी बोलता येत नाही, पण ऐकलंय भरपूर. तीन वर्षं ऐकलंय, चेष्टा नाही.

ऐकवणारी दीपमाला, द्वारकाबाईंची नात. आठवीत ती इंग्रजीचा धडा वाचायला उभी राहिली, अडखळली आणि अख्खा वर्ग खो खो हसला. तेव्हापासून वर्गात इंग्रजीचं नाव काढलं की तिची दातखीळ बसायची. इंग्रजी शिकवणारे विरुपाक्ष सर म्हणाले, "घरी कुणापुढं तरी मोठ्यानं बोलत जा." पण घरी भाऊ टिंगल करायचा. मग ती पुस्तक घेऊन माझ्याकडं आली. मला हसता येत नाही, एवढ्या एका गुणावर माझी नेमणूक झाली.

आठवीत ती ओळीवर बोट ठेवून वाचायची. नववीत माझी ओळख करून द्यायला लागली, "माय गोट इज ब्लॅक अँड व्हेरी ग्रीडी." ग्रीडी म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं, पण ती इतक्या लाडानं म्हणायची की मी मान डोलवायचे. माणसांना समजणारं कुणी नसलं तरी चालतं, ऐकणारं मात्र लागतं.

मग दहावीची तोंडी परीक्षा आली. सगळ्यांपुढं उभं राहून इंग्रजीत बोलायचं. आदल्या दिवशी दीपमाला रडवेली होऊन म्हणाली, "आज्जे, उद्या तोंड उघडलं न्हाय तर मी धाराशिवला शिकायला जाणारच न्हाय. तिथं समदं इंग्रजीतच असतंय." द्वारकाबाईंनी डोळ्याला पदर लावला. मलाही पाला गोड लागेना.

तिनं गाईडातलं भाषणाचं पान फाडून आणलं होतं. पाठ करता करता ते गव्हाणीत ठेवून ती पाणी प्यायला घरात गेली. आता गव्हाणीत ठेवलेलं शेळीनं खायचं नाही, तर काय वाचायचं?

ती परतली तेव्हा शेवटचा कोपरा माझ्या ओठांबाहेर होता. मग काय विचारता! "यू ब्लॅक थीफ! माय होल स्पीच इज इन युवर स्टमक! टुमॉरो सर विल आस्क मी, अँड व्हॉट आय विल से? आस्क माय गोट?" त्यात पाठ केलेलं एक वाक्य नव्हतं. सगळं तिचं स्वतःचं, आणि ती थांबेचना.

विरुपाक्ष सर गाडीवरून घरी चालले होते. आवाज ऐकून दारात थांबले. "आजी, हे कोण बोलतंय हो?"

"आमची दीपी. शेळीसंगं भांडायलीय," द्वारकाबाई म्हणाल्या. "मला तर काय बी कळंना, पण शेळीला कळतंय बगा."

सर गोठ्यात आले, तशी दीपमाला माझ्याआड लपली. सर म्हणाले, "भाषणबिषण राहू दे. आत्ता बोललीस तेच उद्या वर्गात सांग."

दुसऱ्या दिवशी ती पळतच आली आणि माझ्या गळ्यात पडली. आमचं भांडण तिनं वर्गाला इंग्रजीत सांगितलं होतं, चुकतमाकत, पण शेवटपर्यंत. "आज्जे, पोरं लई हसली! पण माझ्यावर न्हाय, शेळीवर!" मला राग यायला हवा होता. आला नाही.

आता ती धाराशिवच्या वसतिगृहात राहून अकरावी शिकते. मला यंदा जुळी करडं झालीत, त्यामुळं माझंही बरं चाललंय. तुम्हाला सांगणं एवढंच, घरात कुणी अडखळत नवी भाषा बोलत असेल तर हसू नका. अगदीच आवरत नसेल तर तोंडात पाला धरा, पण ऐका.

गेल्या रविवारी दीपमाला आली. बॅग ओसरीवर टाकून थेट गोठ्यात. मी इंग्रजी ऐकायच्या तयारीनं उभी राहिले. तिनं माझ्या मानेवर डोकं टेकलं आणि वसतिगृहातल्या पातळ वरणापासून आज्जीच्या आठवणीपर्यंत सगळं मराठीत सांगितलं. इंग्रजीसाठी तिला आता माझी गरज उरलेली नाही. तरीही ती आधी माझ्याकडं आली.