माझ्या हातची जन्मतारीख

चौतीस वर्षं मास्तरकी केली आणि निम्म्या गावाला मी एकाच दिवशी जन्माला घातलं. एक जून. आमच्या महागाव तालुक्यातल्या कुठल्याही जुन्या शाळेचं रजिस्टर उघडा, एक जूनची माणसं ओळीनं सापडतील. पोर कधी झालं म्हणून विचारलं की आईबाप सांगायचे, "कापूस निघत होता बाई तवा." आता कापसावरून तारीख कशी काढायची? मी आपली एक जून लिहायची आणि पोराला वर्गात बसवायची. सगळेच मास्तर तसं करायचे, त्यामुळे त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

वाटलं ते प्रेरणाच्या वेळी. प्रेरणा विठ्ठलरावांची मुलगी. आज एका मोठ्या क्लबाकडून पगारी फुटबॉल खेळते. आघाडीवर खेळते, म्हणजे गोल मारणं हेच तिचं काम. मागच्या महिन्यात विठ्ठलराव माझ्या अंगणात आले ते बसलेसुद्धा नाहीत. देशाच्या वीस वर्षांखालच्या मुलींच्या शिबिरासाठी तिचं नाव निघालं होतं, आणि कागद पाहून कापलं गेलं होतं. कागदावर तिला वीस पूर्ण झाली होती. पोर खरी एकोणीसची.

"बाई, तुमच्या पेनानं माह्या पोरीचं वर्ष खाल्लं," विठ्ठलराव म्हणाले. "तुमीच लिवलं, आता तुमीच दुरुस्त करा."

मी काय कमी तोंडाळ आहे? "तिला शाळेत आणून बसवली कोणी? मी तुमच्या घरी बोलवायला आले होते?" असं सुनावलं. ते मान खाली घालून निघून गेले, आणि मग मला माझीच लाज वाटली.

तिला आणून बसवली होती तानाबाईनं, विठ्ठलरावांच्या वहिनीनं. तिची निकिता त्या वर्षी सहाची झाली होती. घर वावरात, शाळा दोन किलोमीटरवर, मधे नाला. तानाबाई म्हणाली, "एकटी पोरगी कायले धाडू? सोबत असन तं येईन, नाई तं येईन माह्यासंगं निंदाले." आणि सोबत म्हणून तिनं धाकट्या जावेची प्रेरणा पुढे केली. जेमतेम पाचची. घरी जन्मलेली, नोंद कुठेच नाही, अंगठा तोंडात. मी सहा पूर्ण दाखवून लिहून टाकलं. माझ्या पटालाही एक पोर कमी पडत होतं, तेही सांगून टाकते. उगाच देवमाणूस व्हायचं नाही मला.

त्याच वर्षी शाळेला खेळाचं सामान आलं. बॅट मुलांनी पळवली, मोठा चेंडू मुलींच्या वाट्याला उरला. मला फुटबॉलातलं ओ की ठो कळत नव्हतं. मी फक्त खिचडी झाली की शिट्टी वाजवायची. प्रेरणा सगळ्यांत लहान. मोठ्या मुली तिला अशा ढकलायच्या की गुडघे सदा फुटलेले. मग ती शिकली. कोणी अंगावर यायच्या आत चेंडू मारून मोकळी व्हायची. पुढे तिला शिकवणारे मोठमोठे लोक भेटले, पण ती सवय आमच्या मैदानातली.

विठ्ठलराव गेल्यापासून दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही. शेवटी एक कागद लिहिला: ही तारीख चुकीची आहे, ती मी जाणूनबुजून लिहिली, जबाबदारी माझी. एसटीनं तालुक्याला, शिक्षण खात्याच्या कचेरीत गेले. टेबलामागचा मुलगा सभ्य होता. त्यानं कागद दोनदा वाचला.

"मॅडम, शाळा सुटल्यावर तारीख बदलत नाई. अन् तुमी हे लेखी कायले देऊन राह्यल्या? उगाच पेन्शनच्या मागं लागतीन लोक."

"लागू दे," मी म्हटलं. "तू घे तर खरं."

त्यानं घेतला नाही. चहा मात्र पाजला. परतीच्या एसटीत तो कागद पर्समध्ये घेऊन मी बसले आणि स्वतःलाच म्हटलं, इंदू, सगळ्या जन्मात एक पोर देशापर्यंत पोचत होती, तिचेच पाय तू ओढलेस.

चार दिवसांनी प्रेरणा रजेवर आली. निकिताच्या स्कूटीवर मागे बसून थेट माझ्या दारात. निकिता आता आरोग्य केंद्रात नर्स आहे. प्रेरणा पाया पडायला वाकली तशी मी तिचे हात धरले.

"जाऊन आले गं. नाही होत म्हणतात. माझं चुकलं, माफ कर मला." आणि छड्या मारणारी मी त्या पोरींपुढे हमसून रडले.

"तुमी कायले गेलत्या बाई?" प्रेरणा माझ्याजवळ ओट्यावर बसली. "मी बी रडली तिकडं. खोटं नाई बोलत, लय रडली. मंग इचार केला. त्या साली तुमी माहं नाव घातलं नसतं तं ताई घरीच राह्यली असती. अन् ताई घरी राह्यली असती तं पुढच्या साली मले कोनाच्या सोबतीनं धाडलं असतं?"

एवढा साधा हिशेब चौतीस वर्षं शिकवणाऱ्या बाईला सुचला नव्हता.

"एक वर्ष गेलं बाई, पन शाळा भेटली दोघीले," ती म्हणाली.

"अन् गनित येत नाई म्हून छड्या आमाले!" निकिता म्हणाली, तशी मी रडता रडता हसले. मग चहा मांडला. साखर दुप्पट पडली, पण पोरी मुकाट्यानं प्याल्या. माणसाला आयुष्यात पुरस्कार कसले कसले मिळतात. मला त्या दिवशी माझ्या ओट्यावर मिळाला. त्या दोघींचे उपकार मी विसरायची नाही.

निघताना प्रेरणानं सांगितलं, आता एकच वाट उरली होती, मोठ्या बायांच्या संघाची. तिथं वयाची अट नाही, पण दयामायाही नाही. पुढच्या रविवारी तिची मॅच पाहायला तिथले निवडणारे येणार होते.

रविवारी दुपारी माझ्या अंगणात निकितानं मोबाइल डब्याला टेकवून ठेवला. तानाबाई आली. विठ्ठलराव आले, आणि या वेळी न सांगता खुर्ची ओढून बसले; पोरीनं आपला हिशेब त्यांनाही ऐकवला होता. पाऊण तास काहीच घडेना. प्रेरणा दोनदा पडली, दोनदा उठली. तानाबाई त्या दांडग्या बायांना शिव्या घालत होती. मग चेंडू प्रेरणाच्या पायाशी आला, दोन उंच बाया तिच्यावर धावल्या, आणि त्या पोचायच्या आत तिनं मारला. गोल!

अंगणात एकच कालवा झाला. मोबाइलमधला माणूस हिंदीत ओरडत होता, "बीस साल की प्रेरणा! सिर्फ बीस साल की!"

"एकोणीस, मेल्या!" मी खुर्चीवरून उठून ओरडले. "एकोणीसची आहे ती!"

विठ्ठलराव डोळे पुसत होते. ते माझ्याकडे वळले.

"म्हनू द्या त्याले वीस," ते म्हणाले. "बाई, तुमी लिवलं थे बरोबर लिवलं."