उलट्या सिंहांचा रुपया

टाकसाळीत चुकलेलं नाणं ओळखायला अक्कल लागते, आणि आमच्या गल्लीत ती एकट्या माझ्याकडे आहे. तीस वर्षं बँकेच्या रोकड-खिडकीवर काढली आहेत मी. पंच्याण्णव साली कुठल्याशा तमिळ पेपरात छापून आलं की बिघडलेल्या नाण्याला हजारो मिळतात, आणि अख्खं तंजावर गल्ले फोडून बसलं. झिजलेली, ठेचलेली, रेल्वेच्या रुळावर चेपलेली नाणी घेऊन लोक माझ्या तिण्णैवर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, येऊन बसत. मी एकेकाला हाकलून देई.

त्या दिवशी सायकलवाला रघोजी आला होता.

"सेतुमामा, हे पाहा की! सिंह उलटे उमटलेत."

मी भिंग लावलं आणि मला हसू आलं.

"दोन नाणी व्हाइसच्या पकडीत धरून आवळलीस, होय ना? अरे गाढवा, टाकसाळीत आधीचं नाणं साच्याला चिकटून राहिलं, तर पुढच्या कोऱ्या चकतीवर त्याचा उलटा, खोलगट ठसा उमटतो. पण दुसरी बाजू ठणठणीत असते. तुझी दुसरी बाजू बघ, सपाट झालीय. पंक्चरं काढ तू, हे तुझं काम नव्हे."

रघोजी मान खाली घालून बसला. तेवढ्यात समोरच्या घरातल्या वेंकूबाई हळदीनं माखलेलं फडकं मुठीत धरून आल्या. साठीच्या पुढची, भाबडी बाई. मुलगा सुंदर दुबईला निघाला तेव्हा तो सुखरूप परत यावा म्हणून पुन्नैनल्लूरच्या मारियम्मन देवीला त्यांनी नवस बोलला होता आणि रुपया फडक्यात बांधून देवघरात ठेवला होता. आता सहा वर्षांनी सुंदर येणार होता. नाणं देवळाच्या उंडियलमध्ये, म्हणजे दानपेटीत, टाकायचं म्हणून आज त्यांनी गाठ सोडली होती.

"अण्णा, बांधताना घाईत पाहिलं नाही मी. हे असं का आहे हो? अम्माला चालतं का, सांगा."

मी नाणं हातात घेतलं. एका बाजूला सिंह नीट. दुसऱ्या बाजूला तेच सिंह, उलटे, आत गेलेले. कड शाबूत, कुठं चेपल्याची खूण नाही. आयुष्यभर हजारो नाणी चाळून जे मिळालं नव्हतं, ते या अडाणी बाईनं हळदीत लोळवलं होतं! मला तिचा रागच आला. असली वस्तू उंडियलमध्ये जाणार, तिथून गोणीत, गोणीतून बाजारात, आणि कुणी तरी तिची विडी घेणार.

"खोटं आहे, अक्का," मी म्हणालो. "देवीला कसं चालेल? हे माझ्याकडे राहू द्या. मी तुम्हाला नवा कोरा रुपया देतो."

वेंकूबाईंचा चेहरा पांढराफटक पडला.

"अय्यो! सहा वर्षं खोट्या नाण्यापुढं दिवा लावला मी? अम्माला फसवलं?" त्यांनी नाणं माझ्या हातातून काढून घेतलं. "छे छे, तुम्हाला कसं देऊ? माझा दोष तुमच्या घरात नको. वाहत्या पाण्यातच सोडते."

"अहो, मला काही होत नाही..."

"नको, अण्णा."

खरं आहे, एवढंच म्हणायचं होतं. पण समोर रघोजी बसला होता. आत्ताच ज्याला गाढव म्हटलं, त्याच्यादेखत मी खोटं बोललो म्हणून कसं सांगू? मी त्यांच्यामागून कालव्याच्या पुलापर्यंत गेलो. त्यांनी डोळे मिटून हात जोडले आणि नाणं पाण्यात टाकलं. माझा जीव तुटला. बाईची मला कीव आली नाही, नाण्यासाठी मी हळहळलो, हेही सांगून टाकतो.

परतताना त्या म्हणाल्या, "रविवारी अंगप्रदक्षिणा करते. सुंदर यायच्या आत हे फिटलं पाहिजे."

म्हणजे ओल्या लुगड्यानं, दगडी फरशीवर, देवळाभोवती लोळत जायचं. गुडघ्यांमुळे त्यांना तिण्णैची पायरीही चढवत नव्हती.

शनिवारपर्यंत मी रोज त्यांच्या दारापर्यंत जाऊन परत फिरलो. सांगितलं असतं, तर गल्लीनं मला काय म्हटलं असतं? रघोजीला म्हणतो तेच.

रविवारी देवळात गेलो. फरशी तापली होती. वेंकूबाई लोळत होत्या, दर दोन पलट्यांनी थांबत होत्या, कोपर सोललं होतं. रघोजी त्यांच्या पुढं पुढं घागरीनं पाणी शिंपडत होता. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पाणी शिंपडू लागला.

अजूनही वेळ होता. अर्धी फेरी उरली होती. मी खांबाला टेकून उभा राहिलो.

लोळत लोळत वेंकूबाई माझ्या पायांशी आल्या. मला पाहून थांबल्या आणि पडल्या पडल्याच त्यांनी मला हात जोडले.

"तुम्ही होता म्हणून कळलं, अण्णा," त्या म्हणाल्या, आणि पुढं लोळू लागल्या.