सुनंदाच्या गिटारचं अर्थिंग

परीक्षितने कुवेतच्या मराठी मंडळाच्या सभेत माइक हातात घेतला की सुनंदा सावध व्हायची. माइकसमोर हा माणूस काय कबूल करून बसेल, त्याचा नेम नसे. एका दिवाळीला त्याने तिला न विचारता अख्ख्या मंडळाला पुरतील एवढ्या सुरळीच्या वड्या कबूल केल्या होत्या. या खेपेला त्याने जाहीर केलं की फेब्रुवारीच्या सुट्टीतल्या स्नेहसंमेलनात आपली पत्नी हवाइयन गिटार वाजवील, गिटार इलेक्ट्रिक असेल, आणि ती आपण स्वतः घरी बनवू. कडाडून टाळ्या झाल्या. सगळ्या टाळ्या बनवणाऱ्याला होत्या. वाजवणारी तिसऱ्या रांगेत बसली होती, तिच्याकडे कुणी मान वळवूनही पाहिलं नाही.

तिला राग आला आणि त्याहून जास्त आनंद झाला. आनंद झाला म्हणून आणखी राग आला.

लग्नाआधी नाशिकच्या एका ऑर्केस्ट्रात सुनंदा हवाइयन गिटार वाजवायची. गिटार मांडीवर आडवी, डाव्या हातात पोलादी कांडी, उजव्या हाताच्या बोटांवर तार छेडायच्या नख्या. ती गिटार तिने कुवेतलाही आणली होती. नव्वदच्या ऑगस्टमध्ये इराकी फौजा घुसल्या, अंगावरच्या कपड्यांनिशी देश सोडावा लागला, आणि परत आल्यावर सबाह अल-सालेमच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये गिटार तर नव्हतीच, दाराच्या कड्यासुद्धा नव्हत्या. परीक्षितने कड्या लगेच बसवून घेतल्या. गिटारचं पुढे बघू म्हणाला. ते पुढे यायला नव्याण्णव साल उजाडलं, आणि तोवर मंडळात सुनंदाची ओळख वड्यांवाली म्हणून पक्की झाली होती. आता एकदा, फक्त एकदा, त्या लोकांसमोर बसून वाजवायचं होतं. बाकी तिला काही नको होतं.

परीक्षित अहमदीला तेल कंपनीत इन्स्ट्रुमेंटेशनचा, म्हणजे प्लँटमधल्या मीटरांचा, मोठा इंजिनीअर. त्यामुळे जगातली प्रत्येक वस्तू बनवणाऱ्याने ती चुकीची बनवली आहे, हे त्याला जन्मतःच ठाऊक होतं. साल्मियाच्या दुकानातल्या गिटारी त्याने लांबूनच बाद केल्या. अहमदीतले जुने बंगले पाडत होते, तिथून एका दाराची सागवानी फळी आणली, कापली, घासली, पॉलिश केली. फळी खरंच सुरेख झाली. सुनंदा तसं म्हणालीही. तिथेच थांबला असता तर माणसाची कीर्ती राहिली असती.

मग आला पिकअपचा प्रश्न. पिकअप म्हणजे लोहचुंबकावर गुंडाळलेली बारीक तांब्याची तार. गिटारची तार वर थरथरली की हिच्यात वीज उमटते आणि ती अँप्लिफायरकडे जाते. सगळा आवाज त्या काडेपेटीएवढ्या वस्तूत असतो. परीक्षितने ऑफिसच्या प्रिंटरवर इंटरनेटवरची पानं छापून आणली, डायनिंग टेबलावर पसरली, आणि जेवणं जमिनीवर सुरू झाली.

"तुला आवाज कसा हवा?" एका संध्याकाळी त्याने विचारलं. सुनंदाला भरून आलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता.

"माझ्या जुन्या गिटारचा होता तसा. पातळ. स्वच्छ. पाण्यात खडा टाकल्यासारखा."

"पातळ म्हणजे किती?"

"किती काय? पातळ."

"युनिट सांग, सुनंदा. पातळ हे युनिट नाही. किलोओहम, मिलिव्होल्ट, काहीतरी बोल."

तो हसला, आणि एका पानावर त्याने लाल पेनाने गोल केला. एका वेटोळ्याच्या पिकअपचा आवाज तिला हवा तसाच असतो, असं त्या पानावर लिहिलेलं होतं. पण त्यात विजेची भणभण शिरते, असंही लिहिलं होतं. दोन वेटोळी उलटसुलट जोडलेल्या पिकअपमध्ये भणभण आपसांत कटते. आवाज जरा जाड होतो, एवढंच. "आवाज काय, कानाला सवय होते," परीक्षित म्हणाला. "सिग्नलमध्ये नॉइज मी खपवून घेणार नाही." आणि ह्यूस्टनला ट्रेनिंगसाठी गेलेल्या सहकाऱ्याकडून त्याने दोन वेटोळ्यांचा पिकअप मागवला, त्यातला सगळ्यात जास्त ओहमांचा, म्हणजे सगळ्यात जाड आवाजाचा. माणूस कांदे निवडतानासुद्धा सगळ्यात मोठे निवडत नाही.

वायरिंग त्याने एका शुक्रवारी केलं. घरात कुणी पंखा लावायचा नाही, बोलायचं नाही, दार उघडायचं नाही. सुनंदा शेजारी चहा घेऊन उभी होती. पिकअपच्या तारा व्हॉल्यूमला, व्हॉल्यूमच्या तारा अँप्लिफायरची पिन बसते त्या जॅकला, सोल्डरिंगचे डाग कसे चांदीच्या टिकल्यांसारखे. कबूल करायलाच हवं, हात नेटका होता. पण एक गोष्ट तिला दिसेना.

"अहो, तारांना वायर नाही जोडली?"

"कुठल्या तारांना?"

"वाजवायच्या. माझ्या गिटारच्या ब्रिजखालून, तारा टेकतात त्या पट्टीखालून, एक वायर जॅकच्या पत्र्याला जायची. आमचे मास्तर म्हणायचे, ही तुटली तर गिटार बोंबलेल."

परीक्षितने सोल्डरिंग आयर्न स्टँडवर ठेवलं आणि पोराला समजवावं तसा आवाज काढला. "सुनंदा, हे बघ. शील्डचं, म्हणजे केबलवरच्या जाळीचं, अर्थिंग एकाच टोकाला करायचं असतं. कंट्रोल रूमच्या टोकाला. फील्डच्या, म्हणजे बाहेर यंत्राकडच्या, टोकाला वायर कापायची आणि वर टेप मारायची. हा अख्ख्या प्लँटचा नियम आहे. दोन्ही टोकांना अर्थ केलं तर मीटर नाचायला लागतात. तुझ्या तारा म्हणजे फील्ड. तिकडे अर्थिंग देणार नाही."

"पण हा प्लँट नाही."

"वीज सगळीकडे वीजच असते. तुझे मास्तर कुठले इंजिनीअर होते?"

मास्तर नाशिकला घड्याळं दुरुस्त करायचे. सुनंदाने ते सांगितलं नाही. मास्तरांचा पाणउतारा या टेबलावर व्हायला नको होता. मग परीक्षितने फळीतल्या वायरिंगच्या पोकळीत काठोकाठ अरल्डाइट ओतलं. प्लँटमध्ये जंक्शन बॉक्स असेच सील करतात, ओल शिरत नाही, कुणी हात घालू शकत नाही. ते घट्ट वाळल्यावर त्याने वर टकटक करून पाहिलं. सुनंदाला त्या पोकळीत आपणच बुजवले गेल्यासारखं वाटलं.

परीक्षेचा निकाल चमत्कारिक लागला. टेबलावर ठेवलेली गिटार अगदी गप्प. सुनंदाने मांडीवर घेतली की अँप्लिफायर भणभणायला लागे, जणू भिंतीमागे पिठाची गिरणी चालू आहे. खाली ठेवली की पुन्हा शांत. परीक्षितने फ्रिज बंद केला, ट्यूबलाइट काढली, वरच्या मजल्यावरच्या इजिप्शियन कुटुंबाला एसी बंद करायला लावला. गिटार लॅबमध्ये नेऊन यंत्राला लावली. तिथे ती एकटीच टेबलावर होती, म्हणून अर्थातच मुकाट राहिली. तो घरी आला तो निर्णय घेऊनच.

"इन्स्ट्रुमेंट ओके आहे. फॉल्ट ऑपरेटरमध्ये आहे."

"म्हणजे माझ्यात."

"तुझ्या अंगात स्टॅटिक जास्त असेल. नायलॉनच्या साड्या नेसू नकोस."

खालच्या मजल्यावरच्या मुनिराने हे ऐकलं आणि ती हसून हसून सोफ्यावर आडवी झाली. रत्नागिरीची मुनिरा सुनंदाची कुवेतमधली सगळ्यात जुनी मैत्रीण. "काय गो," ती म्हणाली, "नवरा बाहेर पाठव नि तू वाजव. तोच भणभणतो." तिनेच फहाहीलच्या बाजारातून दोन टोकांना चिमटे असलेली वायर आणून दिली. एक चिमटा ब्रिजला, एक जॅकच्या पत्र्याला, की काम झालं असतं. पण परीक्षितला ती कार्यक्रमाच्या सकाळी पर्समध्ये सापडली. "माझ्या वायरिंगला असली लोंबती शेपटी लावून स्टेजवर न्यायची नाही," तो म्हणाला, आणि वायर कचऱ्यात गेली. हॉलचं वायरिंग चांगलं असतं, तिथे काही होणार नाही, असंही म्हणाला. गिटार त्याने स्वतःच्या हातांनी गाडीत ठेवली.

शाळेचा हॉल गच्च भरला होता. परीक्षितने आधी माइकवर फळीचा, पिकअपचा आणि स्वतःचा परिचय करून दिला. वाजवणारीचं नाव शेवटी आलं. सुनंदाने विंगेत चपला काढल्या, रंगमंचाला हात लावून तो कपाळाला लावला, खुर्चीवर बसून गिटार मांडीवर घेतली. अँप्लिफायर खुर्चीशेजारी जमिनीवर होता. तिने तारांना बोट लावलं मात्र, आणि पिठाची गिरणी सुरू झाली. हॉलचे मोठे स्पीकर असल्याने आता ती एक गिरणी नव्हती, गिरण्यांचा सगळा कारखाना होता.

मागच्या रांगांत पोरं हसली. साउंडवर बसलेल्या सलीलने आवाज कमी केला तर गिटारही गेली. सुनंदाच्या डोक्यात हिशेब सुरू झाला. आता उठावं लागणार, उठले की परत कधीच बसणार नाही, आणि उद्यापासून पुन्हा वड्या. तिला रडू येईल असं वाटलं, आणि या माणसापायी रडायचं या विचारानेच ते आलं नाही.

परीक्षित माइक घेऊन रंगमंचावर आलाच. "मित्रहो, या हॉलचं अर्थिंग सदोष..."

"माइक ठेवा आणि पिन बघा," सुनंदा दातांतून म्हणाली.

तो अँप्लिफायरपाशी उकिडवा बसला. एका हाताने त्याने पिनेचं धातूचं बूड धरलं; पोटाने तोल जाऊ लागला म्हणून दुसरा हात आधाराला टेकला, तो नेमका सुनंदाच्या उघड्या पावलावर.

भणभण थांबली. हॉल एकदम शांत झाला. परीक्षितने चटका बसल्यासारखा हात उचलला. गिरणी सुरू. पुन्हा टेकला. बंद.

सुनंदाला क्षणात उमगलं. तारांना जी वायर हवी होती, ती आता पिनेपासून या माणसाच्या दोन हातांमधून तिच्या अंगात आणि तिथून तारांपर्यंत आली होती.

"हात ठेवा," ती म्हणाली.

"कुठे?"

"होता तिथेच."

त्याने खांद्यावर ठेवून पाहिला. रेशमी ब्लाउजवरून काही उपयोग झाला नाही. मनगट धरावं तर ते वाजवायला लागणार होतं.

"सुनंदा, लोक बघतायत," तो कुजबुजला. "पडदा पाडू. मी पाच मिनिटांत ब्रिजला वायर..."

म्हणजे वायर कुठे हवी, हे त्याला कळलं होतं. सुनंदाला भयंकर बरं वाटलं.

"पडदा पडणार नाही. धरा."

त्याने समोर पाहिलं. पहिल्या रांगेत त्याचा मॅनेजर होता, मंडळाचे अध्यक्ष होते, त्याच्या हाताखालचे ज्युनिअर सहकुटुंब होते. बायकांच्या बाजूला मुनिरा तोंडात पदराचा बोळा कोंबून बसली होती. अँप्लिफायर गुरगुरत होता. मग प्लँटमधल्या साऱ्या मीटरांचा तो स्वामी पुढे वाकला आणि त्याने बायकोचं पाऊल धरलं. हॉलमध्ये असा हशा उसळला की सलीलने घाबरून कानावरचे हेडफोन काढले. सुनंदा हशा ओसरेपर्यंत थांबली. तिला घाई नव्हती.

मग तिने कांडी तारेवर ठेवली. आवाज जाडच होता, गोणपाटाआडून आल्यासारखा. तिने उजवा हात ब्रिजच्या अगदी जवळ सरकवला, नख्या तिथे लावल्या, आणि स्वर हळूहळू पातळ झाला, उघडा झाला. पहाडीची धून होती. कांडी एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत गेली आणि हॉलमधलं हसू कुठे विरलं ते कळलंही नाही. हात विसरले नव्हते. नऊ वर्षांत ते काहीच विसरले नव्हते. सुनंदाला इतकं सुख झालं की मास्तर समोर असते तर तिने त्यांना ओरडून हाक मारली असती.

धून संपली. टाळ्या आल्या, आणि या वेळी लोक तिच्याकडे बघत होते.

"झालं ना?" खालून आवाज आला. परीक्षितच्या कपाळावरून घाम नाकावर आला होता आणि तो पुसायला त्याच्याकडे हात नव्हता. "माझ्या पायांना मुंग्या आल्यात. सोडू का?"

"हलू नका," सुनंदा म्हणाली, आणि डोळे मिटून तिने धून पुन्हा पहिल्यापासून धरली, आता संथ लयीत.