पायऱ्यांवरची सव्वीस दारं

सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत बैठक सुरू होऊन दहा मिनिटं झाली नव्हती, तोच सासरे आणि जावई एकमेकांवर गुरगुरायला लागले.

सासरे म्हणजे मीटरकाका. पाणीखात्यात तीस वर्षं मीटर वाचून निवृत्त झालेले. वस्तीतल्या लोकांनी मिळून मोबाइलवर आपल्या भागाचा नकाशा करायला घेतला, तेव्हा पहिला नियम काकांनीच घातला होता: ज्या दारासमोर तुम्ही स्वतः उभे राहिला नाहीत, ते दार नकाशावर टाकायचं नाही. चार वर्षांत नऊशे दारं झाली. दवाखान्यातल्या सिस्टर रुग्णाचं घर शोधायला हाच नकाशा वापरत.

जावई त्याच पाणीखात्यात कारकून. त्याने खात्याची यादी आणली होती. अठराशे घरं, प्रत्येकाचं नेमकं ठिकाण.

"परवानगीचं पत्र आहे. एका दुपारचं काम. जिथे फरक पडेल, तिथे खात्याचं खरं धरायचं."

"आयत्या बिळावर नागोबा," काका म्हणाले. "जावईबापू, आम्ही चपला झिजवल्यात. तुम्ही खुर्ची झिजवा."

"मामा, तुमच्या चपला झिजेपर्यंत रुग्ण मरायचा."

कोणीतरी हसलं. सिस्टर हसल्या नाहीत.

"काका, अर्धी वस्ती नकाशात नाही. परवा मी चाळीस मिनिटं एक दार शोधत होते. यादीत खोट असेल तर दाखवा. नुसता नन्नाचा पाढा नको."

"अहो, न चालता केलेली यादी असणार ही. कुठल्यातरी कामचुकाराने बसल्या जागी..."

"कामचुकाराने?" जावई जणू याच शब्दाची वाट पाहत होता. त्याने लॅपटॉप काकांकडे फिरवला. "शेवटचा रकाना वाचा. नोंद करणारा, नंबर सतरा. सतरा नंबर कोणाचा, मामा?"

काकांचाच होता. खोली आता मोकळेपणाने हसली.

हो म्हणून गप्प बसलं असतं, तर यादी तिथल्या तिथे नकाशात गेली असती आणि काकांची अब्रूही राहिली असती. पण त्या यादीत पायऱ्यांची गल्ली होती. यादी केली त्या वर्षी काकांचा गुडघा सुजला होता आणि वर एकशे चाळीस पायऱ्या. काका खालच्या रस्त्यावरच थांबले. दहा पावलं चालायचं, ठिकाण नोंदवणाऱ्या यंत्राचं बटण दाबायचं, असं सव्वीस वेळा. घरमालकांची नावं जुन्या बिलांवरून उतरवली. कोणी तपासलं नाही. उलट उत्कृष्ट कामाचं प्रशस्तिपत्र मिळालं, ते अजून घरात भिंतीवर होतं. आणि वस्तीच्या नकाशातली तीच सव्वीस दारं सिस्टरनी स्वतः चढून टाकली होती. खात्याचं खरं धरलं, तर ती पुसली जाणार होती.

"पायऱ्यांची गल्ली उघडा," काका म्हणाले.

जावयाने उघडली. खालच्या रस्त्यावर सव्वीस ठिपके, फूटपट्टी लावल्यासारखे.

"वर न जाताच टाकलीत मी ती दारं."

हसू थांबलं.

"आणि चार वर्षं आम्हाला चालायला शिकवता?" जावई म्हणाला. "त्या प्रशस्तिपत्राखाली बसून? चोराच्या उलट्या बोंबा!"

"बाकीच्या घरांचं काय?" सिस्टरनी विचारलं.

"बाकी सगळी चाललो."

"कशावरून?"

काकांच्याच नियमात साक्षीदाराची सोय नव्हती.

"यादी अशी घाऊक जाणार नाही," सिस्टर म्हणाल्या. "सतरा नंबरची एकेक नोंद पुन्हा चालून तपासायची. आपल्या नकाशातल्या काकांच्या नोंदीसुद्धा. तोवर काका, नकाशावरचं तुमचं खातं बंद. चालायचं कोणी? ज्यांनी यादी केली त्यांनी, आणि ज्यांनी आणली त्यांनी."

"मी का?" जावई उसळला.

"एका दुपारचं काम ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं गल्लीच्या तोंडाशी आले. नमस्कार नाही, चमत्कार नाही. काका कठडा धरून पुढे, जावई दोन पायऱ्या मागे. अकराव्या पायरीवर पहिलं दार आलं. काकांचा गुडघा ठणकत होता. सवयीने त्यांनी खिशातून मोबाइल काढला.

जावयाने तो त्यांच्या हातातून काढून घेतला.

"बटण मी दाबीन, मामा. तुम्ही फक्त दारासमोर उभे राहा."

काका उभे राहिले.