काँगो की टिम्नेह

पप्पांनी राखाडी आफ्रिकन पोपटांची जोडी लावून वर्ष झालं, पण अंड्याचा पत्ता नाही. म्हणून पिंजरा घेऊन आम्ही गंगापूर रोडला पक्ष्यांच्या डॉक्टर छाया मॅडमकडे गेलो. गेलो म्हणजे पिंजरा मी उचलला, बडबड पप्पांनी केली.

मॅडमनी दोन्ही पक्षी नीट पाहिले. "भारतराव, नर काँगो आहे. काळी चोच, लालभडक शेपूट. मादी टिम्नेह. अंगाने लहान, शेपूट काळपट, वरची चोच फिकट. तो मध्य आफ्रिकेच्या जंगलातला, ही पार पश्चिमेकडची. पूर्वी एकाच जातीच्या दोन पोटजाती मानायचे, आता बरेच अभ्यासक जातच वेगळी धरतात. पिल्लं झाली तरी मिश्र होतील. मी म्हणेन, जोडी मोडा."

पप्पा भडकले. "एका वाटीत खातात, एकमेकांची डोकी खाजवतात. त्यांचं जमलंय ना? मग पोटजात कुठं मधे आणता?"

मी पप्पांकडे बघतच राहिले. महिन्यापूर्वी मी समर्थशी लग्न करायचं म्हणाले, तेव्हा याच माणसाने जेवणाचं ताट बाजूला सारलं होतं. शिकलेला, नोकरीचा, सुपारीचंही व्यसन नसलेला मुलगा. पण "पोटजात वेगळी आहे" म्हणून पप्पांनी विषय संपवला होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

"पप्पा, हेच समर्थच्या बाबतीत म्हणा ना," मी मॅडमसमोरच बोलले.

मॅडम हात धुवायला उठल्या. पप्पा खाली बघत हळूच म्हणाले, "तेजल, पक्ष्यांना भावकी नसते."

म्हणजे समर्थमध्ये खोट नव्हतीच. ते ऐकून मला बरं वाटायला हवं होतं, पण उलट संतापच आला. पप्पांना तो आवडला नसता तर मी भांडले असते, रडले असते, पटवलं असतं. पण भावकीला, गावाकडच्या देवळ्याच्या चुलत्यांना घाबरणाऱ्या माणसाला काय पटवणार?

रिक्षात पिंजरा मांडीवर घेऊन मी समर्थला फोन लावला. "बुधवारी आई-बाबांना घेऊन घरी ये."

"बुधवारी नको," पप्पा घाईने म्हणाले. "देवळ्याची मंडळी येणारेत."

"म्हणूनच बुधवारी," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

पप्पांनी पिंजरा आपल्या मांडीवर ओढून घेतला. नाही मात्र म्हणाले नाहीत.