नेटशिवायचा खेळ

"काजं लहान केलीत कुणीतरी," बाथरूमच्या दाराआडून पुटपुटणं ऐकू आलं. "कालपरवापर्यंत हाच शर्ट झटक्यात घालत होतो मी. धुऊन धुऊन आटवलीत सगळी."

ती टॉवेल घेऊन दाराबाहेरच उभी होती. काजं आटली नव्हती. उलट, नवरा फिजिओथेरपीला गेला असताना तिनेच त्या शर्टाचं एकेक काज ब्लेडने वाढवून कडेने पुन्हा बारीक टाके घातले होते. बटण काय, अख्खा अंगठा आरपार जाईल एवढं. पण हे सांगणार कोण? ती एवढंच म्हणाली, "हल्लीचा कपडाच मेला तसला. या बाहेर, मी लावते."

"नको. येतंय."

येत नव्हतं, हे दाराच्या दोन्ही बाजूंना ठाऊक होतं.

तिचं काम पडदे शिवायचं. एका मोठ्या दुकानासाठी ती घरोघर जाऊन खिडक्या मोजायची आणि पडदे शिवून टांगून यायची. खिडक्या कागदावर सरळ असतात, भिंतीत कधीच नसतात. कुठे एक कोपरा खाली बसलेला, कुठे वरची पट्टी तिरकी. तिरक्या खिडकीवर असा पडदा लावायचा की पाहणाऱ्याला ती सरळच वाटावी, ही तिची खासियत होती आणि दुकानात तिला मान होता तो त्यासाठीच. नवऱ्याच्या उजव्या हातावर मात्र कितीही चुण्या घाला, पडदा पुरत नव्हता.

नवरा टॉवर क्रेनचा ऑपरेटर. बांधकामाच्या जागी सगळे त्याला घारोबा म्हणत, कारण दिवसभर तो उंचावरच्या त्या काचेच्या केबिनमध्ये बसून खाली नजर लावून असायचा. दोन हातांत दोन दांडे. डाव्याने क्रेन फिरवायची आणि हुक मागेपुढे न्यायचा, उजव्याने माल वरखाली करायचा. खाली माल बांधायला आणि वॉकीटॉकीवर इशारे द्यायला त्याचा जोडीदार, शिट्टी. त्याचंही खरं नाव कुणी घेत नसे. वॉकीटॉकी यायच्या आधी तो तोंडात दोन बोटं घालून अशी शिट्टी मारायचा म्हणे, की शेजारच्या बांधकामावरची क्रेनसुद्धा थांबायची. वर एक, खाली एक, अशी दोघांची अर्धी हयात गेली होती. संध्याकाळी घारोबा खाली उतरला की दोघं एकाच स्कूटरवरून घरी यायचे आणि वाटेत एकमेकांशी अवाक्षर बोलायचे नाहीत. दिवसभर बोलून झालेलं असायचं.

मग तो दिवस आला. सळ्यांचा भारा खाली येत होता. दांडा नुसता सोडायचा असतो, सोडला की स्प्रिंगने आपोआप मधे येतो आणि माल जागच्या जागी थांबतो. घारोबाच्या मुठीने दांडा सोडलाच नाही. शिट्टीने बाजूच्या वाळूच्या ढिगावर उडी टाकली. भारा आदळला तिथे त्याची पाण्याची बाटली होती, ती पत्र्यासारखी चपटी झाली. मेंदूत छोटी गुठळी झाली होती, हे हॉस्पिटलमध्ये संध्याकाळी कळलं. साइटवरच्या इंजिनियरला शिट्टीने त्याआधीच सांगून टाकलं होतं, "वारा आला होता साहेब. अचानक."

तेव्हापासून सगळ्यांचंच ठरलं, की वारा आला होता. वारा होता म्हणून कंपनीने नोकरी राखून ठेवली. वारा होता म्हणून पुढच्या महिन्यात टेस्ट लावली. दांडे हातात देऊन बघायचं आणि जमलं तर पुन्हा वर. तिला मात्र शिट्टीच्या बायकोने खरं काय ते सांगितलं होतं, स्वयंपाकघरात, नळ मोठा सोडून.

"वर जाऊ नका" हे त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं. तिने आधी फिजिओथेरपिस्टला गळ घातली. ती म्हणाली, "ते डॉक्टर सांगतील हो." डॉक्टर म्हणाले, "टेस्टमध्ये कळेलच की." लेकीला विचारलं तर ती ताडकन म्हणाली, "आई, त्यांची उमेद घालवू नकोस हं." लेक एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायची. परक्या माणसाला बोलता बोलता सुई टोचायची, पण बापासमोर तिचीही मिठाची गुळणी.

आणि अशात तो गेमचा विषय निघाला.

फिजिओथेरपिस्ट सहज बोलून गेली होती, की बोटं हलतील असं काहीही करा; कणीक मळा, नट-बोल्ट फिरवा, व्हिडिओ गेम खेळा. कणीक आणि नट-बोल्ट घारोबाच्या कानावरून गेले. गेम तेवढा आत शिरला. त्याने लेकीच्या मोबाईलवर कंट्रोलरचा फोटो पाहिला आणि त्याचा चेहराच बदलला.

"अगं, हे बघ," तो बायकोला म्हणाला. "दोन दांडे! डावा आणि उजवा. माझी केबिनच आहे ही, खिशात मावणारी."

लेक लगेच तयारीला लागली. "पैसे मी देते. फक्त कुठला घ्यायचा ते ठरवा. डिस्क घालायची सोय असलेला घेऊ, कारण आपल्याकडे नेट म्हणजे आनंदच आहे. काही गेम नेटशिवाय सुरूच होत नाहीत, ते टाळायचे."

"नेट नकोच मुळी," घारोबा म्हणाला. "ती पोरं कानाला लावून खेळतात, जगभरचे लोक त्यांच्या कानात ओरडत असतात. मला नाही चालायचं. माझ्या कानात एकच आवाज असतो."

तो आवाज तेव्हा समोरच चहा पीत बसला होता. शिट्टी रोज संध्याकाळी यायचा. कपात बघत तो म्हणाला, "मी काय बोलतो? इकडे ये, तिकडे जा, थांब."

"तेच लागतं रे माणसाला!"

सगळे हसले. ती हसली नाही. तिला दिसत होतं की हा खेळणं आणत नव्हता, टेस्टची तयारी आणत होता. यंत्र घरात आलं की रोज संध्याकाळी तो टीव्हीसमोर बसणार, सगळे शेजारी बसून वा वा करणार, आणि महिन्याने हा माणूस शिडी चढून वर जाणार. आणि खाली शिट्टी असणार. नाही म्हणावं, तर हातात बळ यावं म्हणून फिजिओथेरपिस्टनेच सांगितलेल्या गोष्टीला बायको आडवी आली, असं व्हायचं. हो म्हणावं, तर शिडीला खालून हात लावल्यासारखं.

"टीव्ही खराब होतो म्हणे त्याने," ती म्हणाली.

"आई, काहीही!"

"डोळे जातात."

"वहिनी, ह्याची नजर घारीची आहे," शिट्टी म्हणाला. त्याने एवढं म्हटल्यावर तिने त्याच्याकडे रोखून पाहिलं. भाऊजी, तुम्हीसुद्धा? त्याने नजर पुन्हा कपात बुडवली.

"आधी दुकानात हातात घेऊन बघू," ती शेवटी म्हणाली. तिच्या धंद्यातली सवय होती ती. गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नसलं, की म्हणायचं, आधी कापड हातात घेऊन बघा.

रविवारी चौघं दुकानात गेले. एका भिंतीवर टीव्हीच टीव्ही, सगळ्यांत एकच मासा पोहत होता. कोपऱ्यात एक कोच, समोर कन्सोल, आणि काउंटरवरची मुलगी इतकी उत्साही, की तिला बघूनच दमायला व्हावं.

"कुणासाठी घ्यायचाय? नातवंडांसाठी?"

"माझ्यासाठी," घारोबा म्हणाला. "नेटशिवाय चालणारा दाखवा. आणि क्रेनचा गेम आहे का?"

"आहे ना काका! हा काय. डिस्कवर येतो, एकदा घातली की झालं. दोघांना मिळूनही खेळता येतो, एकाच टीव्हीवर."

घारोबा कोचावर बसला. कंट्रोलर त्याने डाव्या हातात धरला आणि डाव्या हातानेच उजव्या हाताची बोटं एकेक करून त्यावर बसवली. ते बघायचं नाही म्हणून तिघंही एकदम माशाकडे बघू लागले.

पडद्यावर क्रेन आली. खाली अर्धवट इमारत, पिवळ्या हेल्मेटची चिमुकली माणसं. त्याने उजवा दांडा आपल्याकडे ओढला. माल वर उचलायचा तर हात तसाच जातो, इतक्या वर्षांचा. पण माल हललाच नाही. सगळं चित्र तेवढं वर उलटलं आणि पडदाभर आकाश झालं.

"हे काय? हुक कुठाय? मी माल उचलतोय, हे मला ढग दाखवतंय!"

"काका, उजव्या दांड्याने फक्त कॅमेरा फिरतो," मुलगी म्हणाली. "माल या मागच्या बटणांनी उचलायचा."

"कुणी सांगितलं? कुठल्या क्रेनवर असं असतं? खुर्चीत बसलेल्या माणसाने आकाश बघायचं आणि माल कोण उचलणार, तुझा मालक?"

मुलगी खदखदून हसली, लेकही हसली, शिट्टीने तर मांडीवर थाप मारली. घारोबाही हसत होता. कितीतरी दिवसांनी तो असा चिडला होता, आपलंच खरं असल्यासारखा. घेऊन टाकावा, तिला वाटलं. हसतोय तर हसू दे.

"बदलता येतं, थांबा." मुलीने सेटिंगमध्ये जाऊन दांडे बदलले. "आता तुमच्या क्रेनसारखं झालं."

झालंच. उजवा दांडा ओढला आणि सळ्यांचा भारा डौलात वर निघाला. डाव्याने क्रेन फिरली, अशी मऊ, की पाणी भरलेला पेला हुकाला लावला असता तरी सांडला नसता. मुलीच्या तोंडून "बाप रे!" निघालं. खालच्या पिवळ्या हेल्मेटवाल्याने हात केला, इथे उतरवा. शिट्टी कोचाच्या पुढे टीव्हीजवळ जाऊन उभा होता, तोही नकळत हात करू लागला. "ये... ये... हळू... ये..."

भारा खाली येऊ लागला.

"थांब," शिट्टी म्हणाला.

भारा येतच राहिला.

"थांब! घारोबा, थांब!"

घारोबाचा अंगठा दांड्यावर दाबलेला तसाच होता. तो अंगठ्याकडे बघत होता, दुसऱ्याच कुणाचा असावा तसा. डाव्या हाताने त्याने तो उचलून बाजूला केला, तोवर पडद्यावर धूळ उडाली होती आणि पिवळं हेल्मेट दिसेनासं झालं होतं.

पण ती पडद्याकडे बघत नव्हती. ती शिट्टीकडे बघत होती. तो मागे उडाला होता. भरदिवसा, फरशीवर, टीव्हीसमोरून दोन पावलं मागे, एक हात डोक्यावर धरून. त्याच्या धक्क्याने इयरफोनचं स्टँड हेलकावे खात होतं. त्याने तो हात हळूच खाली घेतला आणि केसांतून फिरवला, जसा काही त्यासाठीच वर नेला होता.

"वारा आहे यात," घारोबा म्हणाला.

"नाही काका," मुलगी भाबडेपणाने म्हणाली. "पहिल्या लेव्हलला वारा नसतो. पुढे येतो. हे बघा, इथे कोपऱ्यात दिसतं, वारा शून्य."

भिंतीवरचे सगळे मासे एकदम डावीकडे वळले.

"नवीन आहे ना, म्हणून," लेक घाईघाईने म्हणाली. "पहिल्यांदा कुणाचंही असंच होतं, बाबा."

"तेच तर. सराव पाहिजे." घारोबाने कंट्रोलर मांडीवर ठेवला. कपाळावर घाम होता, पण आवाज त्याने ठेवला होता खणखणीत. "रोज बसलो तर टेस्टच्या आत अंगठा ताब्यात येतो की नाही बघा. द्या हो, बांधून द्या. काय गं? घ्यायचा ना?"

तो तिला विचारत होता. लेक तिच्याकडे बघत होती, काउंटरवरची मुलगीही. आता, तिने स्वतःला बजावलं. आत्ता बोल. शब्द तर केव्हापासून तयार होते, घडी घालून ठेवलेले. तिने तोंड उघडलं.

"अहो," ती म्हणाली, "ह्याला धूळ बसू नये म्हणून कव्हर मिळतं का?"

"मिळतं ना मावशी!" मुलगी म्हणाली आणि खोकं आणायला आत वळली.

तिला स्वतःची अशी काही लाज वाटली, की ती पर्समध्ये उगीचच काहीतरी शोधू लागली. शोधता शोधता तिला कोचाचं कुरकुरणं ऐकू आलं. शिट्टी घारोबाच्या शेजारी येऊन बसला होता, खांद्याला खांदा लावून, स्कूटरवर बसायचे तसे. त्याने मांडीवरचा कंट्रोलर उचलला, उलटसुलट करून पाहिला.

"दोघांना खेळता येतो म्हणाली ना ती?"

"हो. तुला पण येईल. सोपं आहे."

"मग घे तू. मी रोज येतो. हरवतो तुला." शिट्टी हसायला गेला, पण ते जमलं नाही. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायचंही त्याला सुचत नव्हतं. "पण टेस्टला नको जाऊस घारोबा. आणि गेलास, पास झालास, तरी सांगून ठेवतो. तू वर असलास तर मी खाली उभा राहणार नाही."