पंखा कोणाच्या ताब्यात?

मी एका जुन्या लॅपटॉपच्या पोटातली चिप बोलतेय. नखाएवढी माझी काया. पण बटण दाबलं की सगळ्यांच्या आधी जागी होते ती मीच. वीज कुणाला किती द्यायची, पंखा कधी फिरवायचा, हे मला कारखान्यातच शिकवलंय. मागाहून ऑपरेटिंग सिस्टिम उठते आणि विचारते, "यातलं काय काय माझ्याकडे देतेस?" एकदा दिलं की मी त्यात बोट घालायचं नाही, असा करार.

जुनी सिस्टिम समजूतदार होती. पंखा तिने माझ्याकडेच राहू दिला. सात वर्षं आमचा संसार सुखाचा चालला.

घरातल्या ताईने, आमच्या मालकिणीने, लॅपटॉप घेतला होता कपड्यांचे नमुने काढायला. मग तिच्या बाबांच्या फुप्फुसांनी दगा दिला आणि आमची रवानगी त्यांच्या खाटेवर, उशाशी झाली. त्यांच्या बोटाला नाडी मोजणारा चिमटा, त्याची वायर आमच्यात. नाडीच्या प्रत्येक ठोक्याला टिक. ती ऐकत ताई पलीकडच्या खोलीत शिवणयंत्र चालवायची.

एका रविवारी तिचा भाऊ आला. "किती रखडतो गं हा! नवी सिस्टिम टाकतो, वाऱ्यासारखा पळेल."

नवी आली ती तोऱ्यातच. "झोप, वीज, पंखा, सगळं दे." मी देऊन मोकळी झाले.

दुसऱ्या दुपारी चटके बसू लागले. ऐंशी अंश. नव्वद. पंखा ढिम्म. "अगं, फिरव ना!" तिला या पंख्याची भाषाच येत नव्हती. तिला वाटत होतं मी बघतेय, मला वाटत होतं ती. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी!

माझ्याकडे एकच हक्क उरला होता: शंभरच्या पुढे गेलं की वीज तोडायची. माझी पाचावर धारण बसली. तोडली तर बाबांकडे लक्ष कोण ठेवणार? नाही तोडली तर खाली चादर, आणि शेजारी त्यांच्या प्राणवायूची नळी.

तोडली.

पुढचं ताई भावाला सांगत होती तेव्हा कळलं. टिकटिक थांबली आणि तिच्या पायाखालची जमीन सरकली. कापड सुईखाली तसंच टाकून ती धावली, दारातच तिने हंबरडा फोडला, "बाबा!"

"ओरडू नकोस गं," बाबा धापा टाकत म्हणाले, "मी आहे. यंत्र गेलंय."

भावाचा चेहरा पडला. "चुकलं माझं. पंख्याचं मी बघितलंच नाही." त्याने पंखा पुन्हा माझ्या हवाली केला, लॅपटॉप खाटेवरून लाकडी स्टुलावर हलवला.

तरी यंत्र बंद होऊन चालू झालं, सिस्टिमने विचारलं, की मी जीव मुठीत धरते. नवं काही बसवणाऱ्यांनो, जुन्याने काय सोडलं आणि नव्याने काय उचललं, एवढं तरी बघत जा. मध्ये पडलेल्याला ओरडता येत नाही.

ताई हल्ली शिवता शिवता सारखी उठून येते. एक हात बाबांच्या कपाळावर ठेवते, दुसरा आमच्या झाकणावर. दोन्हीकडे ऊब लागते. ती आणखी थोडा वेळ तशीच उभी राहते.